मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर आणायचंय : सुरुवात कुठून करावी?

वंगणबिंदू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या कारखान्यात मेंटेनन्ससाठी सॉफ्टवेअर घ्यायचं नक्की झालंय. मंजुरी आली, निवड शेवटच्या दोन पर्यायांवर आली आणि ते बसवून चालतं करायची जबाबदारी माझ्याकडे आली. मी मेकॅनिकल मेंटेनन्सचा माणूस. मशीन उघडायला घाबरत नाही, पण हे काम वेगळं आहे.

सध्याची स्थिती अशी : तीन शिफ्ट, साधारण साडेतीनशे लहानमोठी यंत्रं. ब्रेकडाऊनची नोंद शिफ्टच्या लॉगबुकात, पीएमचं (बिघाड होण्याआधी ठराविक मुदतीने करायच्या देखभालीचं) वेळापत्रक एक्सेलमध्ये, स्पेअरचा साठा स्टोअरच्या वेगळ्या प्रणालीत. आणि रोजची खरी हकीगत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. अमुक पंपाचं मेकॅनिकल सील गेल्या खेपेला कधी बदललं, असं कुणी विचारलं की चार ठिकाणी शोधाशोध होते आणि तरी तारीख मिळेलच असं नाही.

दोन्ही कंपन्यांचे डेमो पाहिले. रंगीत आलेख, मोबाईलवर सूचना, सगळं देखणं. पण डेमोत माहिती आधीच भरलेली असते. आमच्याकडे ती भरायची आहे, आणि ती कशी भरतो यावरच पुढचं सगळं ठरणार असं मला वाटतं.

तर प्रश्न : यंत्रांची यादी किती खोलात करायची? एकदम सगळीकडे चालू करायचं की एका विभागात? जुनं पीएम तसंच उचलून टाकायचं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, फिटर आणि इलेक्ट्रिशियन मंडळी नोंदी मनापासून भरतील यासाठी काय करावं लागतं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, मला घाई नाही.

प्रतिसाद : पाना_बावीस

चांगला धागा. मी प्लॅनिंगमध्ये आहे आणि अशी अंमलबजावणी जवळून पाहिली आहे, म्हणून यादीबद्दल लिहितो. बाकीचं इतर लोक लिहितीलच.

पहिली गोष्ट, एक्सेलमधली जुनी यादी तशीच आयात करू नका. त्यात भंगारात गेलेली यंत्रं असतात आणि नंतर आलेली नसतात. एक फिटर आणि एक इलेक्ट्रिशियन सोबत घ्या आणि शॉपफ्लोअरवर फिरून यादी करा. प्रत्येक नेमप्लेटचा फोटो काढा. निम्म्या नेमप्लेटवर रंग चढलेला असेल, तो घासून नंबर वाचावा लागेल. कंटाळवाणं काम आहे, पण त्या फेरीत जे कळतं ते ऑफिसात बसून कधीच कळत नाही.

खोलीबद्दल : तेल आणि वायू उद्योगासाठी आयएसओ १४२२४ नावाचं मानक आहे. त्यात नऊ पातळ्या दिल्या आहेत. पहिल्या पाच जागा आणि वापर सांगतात, पुढच्या चार यंत्र, उपयंत्र, सुटा घटक आणि सुटा भाग. तुमचा उद्योग वेगळा असला तरी विचार म्हणून वाचण्यासारखं आहे. पण नऊच्या नऊ पातळ्या भरायला जाऊ नका. माझी कसोटी साधी आहे : ज्या वस्तूचा इतिहास मला वेगळा बघायचा आहे आणि जिच्यावर वर्क ऑर्डर (एका कामाची नोंदवलेली मागणी) निघणार आहे, तिथे थांबायचं. गिअरबॉक्स वेगळा हवा, त्यातली प्रत्येक ऑइल सील वेगळी नको.

आता एक बारकावा, जो बहुतेक ठिकाणी सुटतो. जागा आणि यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'कूलिंग वॉटर पंप नंबर दोन' ही जागा. तिथे आज बसलेली मोटर हे यंत्र. ती मोटर जळाली की रिवाइंडिंगला (आतली तार नव्याने गुंडाळायला) जाते, तिच्या जागी स्पेअर मोटर बसते, आणि पहिली परत आली की तिसऱ्याच पंपावर चढते. इतिहास फक्त जागेला चिकटवलात तर एकच मोटर वेगवेगळ्या पंपांवर फिरत पुन्हापुन्हा रिवाइंड होतेय हे कधीच दिसणार नाही. आणि फक्त यंत्राला चिकटवलात तर दुसरं टोक सुटतं : कुठलीही मोटर लावा, त्या एका जागेवर जळतेच, म्हणजे दोष फाउंडेशनचा, अलाइनमेंटचा किंवा लोडचा. सॉफ्टवेअर निवडतानाच विचारा की यंत्र एका जागेवरून दुसरीकडे हलवता येतं का आणि इतिहास सोबत जातो का. डेमोत त्यांना हे करून दाखवायला लावा.

कोडमध्ये फार अर्थ कोंबू नका. विभाग, मजला, लाईन सगळं कोडमध्ये घातलं आणि उद्या मशीन दुसऱ्या लाईनवर गेली, की कोड चुकीचा आणि तो बदलताही येत नाही. साधा अनुक्रमांक पुरतो. बाकी माहितीला स्वतंत्र रकाने असतात.

प्रतिसाद : सर्व्हररूम

पाना_बावीस यांना जोडून, यंत्रांवर लावायच्या टॅगबद्दल.

क्यूआर कोड लावणारच असाल तर दोन गोष्टी बघा. क्यूआरमध्ये चूक सुधारण्याच्या चार पातळ्या असतात : साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येणाऱ्या. बरीच सॉफ्टवेअर खालची पातळी वापरून छापतात. तेल, ग्रीस आणि धूळ असलेल्या जागी सगळ्यात वरची पातळी मागून घ्या. कोड थोडा दाट दिसतो, म्हणून टॅग जरा मोठा ठेवा. आणि कोडखाली नंबर माणसाला वाचता येईल असा ठळक छापा, कॅमेरा नसला तरी काम अडू नये.

दुसरं, टॅग गार्डवर किंवा झाकणावर चिकटवू नका. गार्ड काढले जातात, दोन सारख्या मशीनचे गार्ड अदलाबदल होऊन बसतात आणि मग एकीचा इतिहास दुसरीत जातो. टॅग हलणार नाही अशा फ्रेमवर हवा.

जाता जाता : क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो समूहात वाहनांचे सुटे भाग शोधण्यासाठी तयार झाला. त्याच कंपनीच्या जुन्या अवतारात, निप्पॉनडेन्सोमध्ये, टीपीएमची (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) पद्धत उभी राहिली, १९७१ च्या सुमारास. मला हे फार आवडतं. मशीन चालवणाऱ्यानेच तिची रोजची निगा राखायची हा विचार आणि हा छोटा चौकोन, दोन्ही एकाच घरातले.

प्रतिसाद : रुग्णालय_उपकरणे

मी कारखान्यात नाही, रुग्णालयातली वैद्यकीय उपकरणं सांभाळतो. सॉफ्टवेअर तेच, दुखणी थोडी वेगळी.

आमच्याकडे यंत्र जागेवर नसतं. इन्फ्यूजन पंप (रुग्णाला थेंबाथेंबाने औषध देणारा) आज या वॉर्डात, उद्या दुसऱ्या. पीएमची तारीख येते आणि पंप सापडतच नाही, किंवा सापडतो पण रुग्णाला लावलेला असतो. अशा वेळी वर्क ऑर्डर 'पूर्ण' आणि 'बाकी' या दोनच खणांत बसवली की माणूस नाइलाजाने काहीतरी चुकीचं लिहितो. म्हणून 'सापडलं नाही' आणि 'वापरात होतं' या दोन स्थिती वेगळ्या हव्यातच. लागोपाठ दोनदा 'सापडलं नाही' आलं की शोधमोहीम. या एका बदलाने आमच्या नोंदी विश्वासार्ह झाल्या.

वंगणबिंदू, तुमच्याकडे हलती साधनं असतील ना? वेल्डिंग सेट, चेन ब्लॉक, टॉर्क रेंच, मोजमापाची गेज? त्यांना हेच लागू होईल.

प्रतिसाद : वंगणबिंदू

हो, चेन ब्लॉक आणि स्लिंग अगदी असेच फिरतात. हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि मोटरचं उदाहरण वाचून मी लगेच दोन्ही कंपन्यांना विचारलं. एका सॉफ्टवेअरमध्ये होतं, दुसऱ्यात 'पुढच्या आवृत्तीत येईल' असं उत्तर आलं. मोठाच निकष हाती लागला.

आता पीएमबद्दल कुणी लिहील का? एक्सेलमध्ये सगळं तयार आहे, आयात करायला एक दिवस लागेल म्हणतात.

प्रतिसाद : गेजमास्तर

थांबा, आयात करू नका!

पीएमची एक्सेल म्हणजे वर्षानुवर्षं साठत गेलेला थर असतो. एखादा ब्रेकडाऊन झाला की साहेब विचारतात 'पीएममध्ये होतं का?', मग एक ओळ वाढते. कमी कधीच होत नाही. तो सगळा साठा सॉफ्टवेअरमध्ये ओतला की पहिल्याच महिन्यात एवढ्या वर्क ऑर्डर निघतात की माणसं हात टेकतात आणि शिफ्टच्या शेवटी बसून टिक करून मोकळी होतात.

जास्त पीएम म्हणजे जास्त भरवसा, हे गृहीतक फार पूर्वी तपासलं गेलंय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोस्टल कमांडच्या (समुद्रावर गस्त घालणाऱ्या हवाई तुकड्यांच्या) विमानांचा हिशेब शास्त्रज्ञ वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला, तेव्हा ठराविक तासांनी होणाऱ्या तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढलेले दिसले. उघडझाकीतूनच बिघाड शिरत होते. पुढे १९७८ मध्ये नोलन आणि हीप यांचा विमान देखभालीवरचा अहवाल आला. त्यांच्या अभ्यासातल्या सुट्या भागांपैकी जेमतेम ११ टक्के भागांत वयाबरोबर बिघाडाची शक्यता वाढत होती. उरलेल्या ८९ टक्क्यांना ठराविक मुदतीने बदलून फायदा दिसत नव्हता.

हे आकडे विमानांचे आहेत, तुमच्या कन्व्हेयरला जसेच्या तसे लावू नका. पण प्रत्येक ओळीला एक प्रश्न जरूर विचारा : हे केल्याने नेमका कुठला बिघाड टळतो? उत्तर नसेल तर ती ओळ सॉफ्टवेअरमध्ये जाऊ नये.

प्रतिसाद : साठा_आणि_नग

म्हणजे पीएम करायचंच नाही का? फिल्टर, बेल्ट, ग्रीसिंग या गोष्टी वेळेवर केल्या नाहीत तर स्टोअरकडे रात्री दोनला कोण फोन करतं ते मला माहीत आहे.

प्रतिसाद : गेजमास्तर

नाही, नाही, तसं म्हणत नाहीये. झिजणारं, गंजणारं, चोंदणारं आणि ग्रीस लागणारं जे काही आहे त्याला मुदतीचं पीएम हवंच. कायद्याने बंधनकारक तपासण्याही तशाच राहतील. मी बोलतोय 'उघडून बघणे' छापाच्या ओळींबद्दल. तिथे मोजमाप घाला. कंपनं, तापमान, करंट, तेलाचा नमुना. मशीन चालू असताना बघता येईल ते बंद करून उघडू नका.

आणि भाषा बदला. 'बेअरिंग तपासणे' ही सूचना नाही. दहा माणसं दहा प्रकारे तपासतील आणि सगळे 'ठीक' लिहितील. त्याऐवजी : 'ड्राइव्ह बाजूच्या बेअरिंगचं तापमान मोजा, आकडा लिहा, मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या वर असेल तर लगेच वेगळी वर्क ऑर्डर काढा.' आकडा लिहायचा म्हटलं की मशीनपाशी जावंच लागतं. आणि सहा महिन्यांचे आकडे रांगेत दिसले की चढ लक्षात येतो.

आयात करताना तीन खड्डे आहेत. सगळ्या पीएमची सुरुवातीची तारीख एकच टाकली जाते, मग दर महिन्याच्या पहिल्या तारखेला डोंगर आणि उरलेला महिना मोकळा. तारखा आठवड्यांवर वाटून घ्या. दुसरा खड्डा : वार्षिक, सहामाही आणि तिमाही पीएम एकाच दिवशी येतात आणि एकाच मशीनच्या तीन वर्क ऑर्डर निघतात. मोठी आली की लहान आपोआप दबली पाहिजे, ही सोय आहे का विचारा. तिसरा : पुढची तारीख कशावरून मोजायची? ठरलेल्या तारखेवरून की काम प्रत्यक्ष झालं त्या दिवसापासून? वैधानिक तपासणी ठरलेल्या तारखेवरून. फिल्टर मात्र बदलला त्या दिवसापासून, नाहीतर उशिरा बदललेला नवाकोरा फिल्टर दहा दिवसांत पुन्हा बदलायची ऑर्डर येते. शक्य असेल तिथे तारीख सोडून चालू तासांवर जा.

प्रतिसाद : रात्रपाळी

मी फिटर आहे. वाचत होतो, आता लिहावंसं वाटलं. चौथा प्रश्न आमच्याबद्दल आहे म्हणून.

नोंद भरायला आमचा विरोध नसतो. तीन गोष्टी आडव्या येतात.

एक, हात. काम संपतं तेव्हा हात ग्रीसने भरलेले असतात, हातमोजे असतात. मोबाईलवर चौदा रकाने भरायचे असतील तर ते नंतर होतं, आणि नंतर म्हणजे शिफ्ट संपताना, आठवेल तसं. तीन-चार रकाने ठेवा, बोलून टाईप करायची सोय द्या, फोटो काढू द्या. तुटलेल्या कपलिंगचा एक फोटो माझ्या दहा ओळींपेक्षा जास्त सांगतो.

दोन, वेळ. एका ठिकाणी मी किती वाजता काम सुरू केलं आणि किती वाजता संपवलं हे बघून पहिल्याच महिन्यात लोकांना जाब विचारला गेला. त्या दिवसापासून सगळ्यांच्या वेळा एकसारख्या येऊ लागल्या. कुणीच खरं लिहीना. आकडा माणसाविरुद्ध एकदा वापरला की तो परत खरा होत नाही.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही लिहितो ते वाचतं कोण? वर्षभर 'गार्ड काढल्याशिवाय ग्रीस मारता येत नाही, म्हणून मशीन बंद करावी लागते' असं लिहिलं आणि कुणी बघितलंच नाही, तर तेराव्या महिन्यात मी 'काम झालं' एवढंच लिहिणार. पण दुसऱ्या एका ठिकाणी प्लॅनर रोज सकाळी आदल्या दिवशी बंद झालेल्या वर्क ऑर्डर वाचायचे आणि शंका असेल तर येऊन विचारायचे. तिथे नेमकं हेच कुणीतरी लिहिलं होतं. त्यांनी ग्रीस निपलला तांब्याची नळी जोडून ती गार्डच्या बाहेर आणून दिली. पुढच्या आठवड्यात बाकीच्या मशीनवरच्या अशाच अडचणी लोक आपणहून लिहायला लागले. कुणाला सांगावं लागलं नाही.

प्रतिसाद : पाना_बावीस

रात्रपाळी यांचा प्रतिसाद छापून प्रत्येक मेंटेनन्स ऑफिसात लावावा. मी तर म्हणेन, सॉफ्टवेअर जगतं की मरतं ते वर्क ऑर्डर बंद करायच्या त्या दोन मिनिटांत. बाकीचे आलेख आणि अहवाल सगळे तिथून निघतात.

म्हणून बिघाडाच्या कोडबद्दल. दोनशे कोडची यादी दिली की निवड ठरलेली असते : 'इतर'. यादी यंत्राच्या प्रकाराप्रमाणे तोडा. पंप निवडला की पंपाचेच सात-आठ पर्याय दिसावेत. आणि तीन थर वेगळे ठेवा. लक्षण ऑपरेटरने सांगायचं, त्याच्याच शब्दांत : आवाज येतो, गळतंय, गरम होतंय, चालू होत नाही. कारण फिटरने, मशीन उघडल्यावर. उपाय म्हणजे काय केलं ते. लक्षणालाच कारण समजलं की 'गळती' असा कोड शंभर वेळा येतो आणि त्यातून काहीच शिकता येत नाही. कारणात 'अजून कळलं नाही' हा पर्याय हवा. तो निवडणं कमीपणाचं मानू नये, उलट तिथेच इंजिनिअरने लक्ष घालायचं असतं.

वेळांबद्दल : बिघाड कळला, दुरुस्ती सुरू झाली, मशीन प्रॉडक्शनला परत दिली, या तीन वेळा पुरतात, आणि मधली थांबण्याची वेळ कारणासकट. समजा मशीन सहा तास बंद होती. त्यातले चाळीस मिनिटं पाने चालले, उरलेला वेळ सीलची वाट पाहण्यात गेला. नुसतं 'सहा तास' लिहिलं की दोष फिटरच्या माथी बसतो.

गणितही करून दाखवतो. दोन बिघाडांमधला सरासरी चालू काळ १९० तास आणि दुरुस्तीला सरासरी १० तास, तर उपलब्धता (मशीन चालू मिळण्याचा वाटा) १९० भागिले २००, म्हणजे ९५ टक्के. स्पेअर हाताशी ठेवून दुरुस्तीचा काळ ५ तासांवर आणला, तर १९० भागिले १९५, म्हणजे जवळजवळ ९७.४ टक्के. बिघाड एकही कमी झाला नाही, फक्त वाट बघणं कमी झालं. हे फिटरला दाखवलं की वेळ का लिहायची ते त्याला लगेच पटतं.

प्रतिसाद : साठा_आणि_नग

सीलच्या उल्लेखावर स्टोअरवाल्याने लिहायलाच हवं!

स्टोअर नंतर जोडू असं बरेच जण म्हणतात. सगळं स्टोअर पहिल्या दिवशी जोडू नका, हे मलाही मान्य. पण जो विभाग आधी घ्याल त्याचे स्पेअर जोडाच, नाहीतर फिटरला वर्क ऑर्डर एकीकडे आणि मागणीची स्लिप दुसरीकडे असं दुहेरी लिहावं लागेल.

त्याआधी नावं सुधारा. आमच्याकडे '६२०५ झेडझेड', 'बेअरिंग ६२०५' आणि 'बॉल बेअरिंग २५ बाय ५२' असे तीन वेगळे आयटम होते. वस्तू एकच. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ मिलिमीटर. एका नावाखाली साठा शून्य दिसायचा म्हणून खरेदी व्हायची आणि शेजारच्या कप्प्यात तोच माल पडून. नावाचा क्रम ठरवून टाका : आधी वस्तू, मग प्रकार, मग माप, मग झाकण किंवा सील. प्रत्येक मशीनची स्पेअर यादी आधी पूर्ण करायला बसू नका, कधीच संपणार नाही. वर्क ऑर्डरवर जो माल निघेल तो त्या मशीनच्या यादीत जाऊ द्या. वर्षभरात खरी यादी आपोआप तयार होते.

आणखी एक, फार कळकळीने सांगतो. सॉफ्टवेअर 'न हललेला माल' असा अहवाल काढतं. त्यात मोठ्या गिअरबॉक्सचा पिनियन (लहान दातेरी चाक) दिसेल, पाच वर्षं न हललेला. हिशेब विभाग म्हणेल काढून टाका. तो पिनियन विमा म्हणून ठेवलेला असतो, मागवायला कित्येक महिने लागतात. अशा वस्तूंवर सुरुवातीलाच वेगळी खूण करा म्हणजे त्या या अहवालात येणारच नाहीत.

प्रतिसाद : कुलूप_आणि_टॅग

सुरक्षेचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा तेलमंचावर स्फोट आणि आग होऊन १६७ माणसं गेली. चौकशीत पुढे आलेली साखळी प्रत्येक मेंटेनन्सवाल्याने वाचावी. एका कंडेन्सेट पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी तात्पुरती झाकणपट्टी बसवली होती. त्या कामाचा परवाना (काम करायची लेखी परवानगी) वेगळा, त्याच पंपाच्या दुसऱ्या कामाचा परवाना वेगळा. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रीच्या लोकांना एका परवान्याची माहिती होती, व्हॉल्व्हची नव्हती. त्यांनी तो पंप चालू केला.

तुमच्या सॉफ्टवेअरला हाच प्रश्न विचारा : एखाद्या यंत्रावर किंवा त्याला जोडलेल्या जागेवर आत्ता कोणकोणती कामं उघडी आहेत, हे एका नजरेत दिसतं का? व्हॉल्व्हची वर्क ऑर्डर व्हॉल्व्हवर आणि पंपाची पंपावर असेल, तर पंप उघडल्यावर व्हॉल्व्हचीही दिसली पाहिजे. पाना_बावीस यांनी सांगितलेली जागांची उतरंड इथे माणसांचे जीव वाचवते.

आणि स्क्रीनवर 'बंद' दिसतंय म्हणून कुणी हात घालू नये. मशीन चुकून चालू होऊ नये म्हणून लावायचं कुलूप आणि टॅग जागेवरच लागणार, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात.

प्रतिसाद : वंगणबिंदू

अंगावर काटा आला. आमच्याकडे परवाने कागदी आहेत आणि ते वर्क ऑर्डरशी कुठेच जोडलेले नाहीत. निदान परवान्याचा नंबर वर्क ऑर्डरवर लिहिणं सक्तीचं करतो.

एक विभाग की सगळे, याचं उत्तर मला आता 'एक विभाग' असंच दिसतंय. पण कुठला? आणि लॉगबुक किती दिवस सोबत चालू ठेवायचं?

प्रतिसाद : पाना_बावीस

जिथल्या सुपरवायझरला हे स्वतःला हवंय तो विभाग घ्या. सगळ्यात बिघडलेला विभाग घेऊ नका, तिथे माणसांना श्वास घ्यायला वेळ नसतो. विभाग लहान असू दे पण वर्तुळ पूर्ण असू दे : ऑपरेटरची तक्रार, मंजुरी, नियोजन, स्टोअर, काम, नोंद बंद. निदान एक तिमाही पीएमचा फेरा पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या विभागात जाऊ नका.

लॉगबुक बंद करायची तारीख आधीच जाहीर करा. दोन्हीकडे लिहायला लागलं तर दमलेला माणूस सवयीचं तेच लिहितो.

प्रतिसाद : रात्रपाळी

इथे थोडं असहमत. लॉगबुक आम्ही फक्त नोंदीसाठी वापरत नाही. शिफ्ट बदलताना ते समोर ठेवून बोलणं होतं : 'हे राहिलंय, याच्याकडे लक्ष ठेव, या पंपाचा आवाज वेगळा येतोय.' आवाज वेगळा येतोय याची वर्क ऑर्डर होत नाही. ते बोलणं गेलं तर नुकसान होईल.

प्रतिसाद : पाना_बावीस

हे मान्य. मग असं करा : उघड्या वर्क ऑर्डरची यादी शिफ्ट बदलताना मोठ्या स्क्रीनवर किंवा छापून समोर ठेवा आणि त्यात 'लक्ष ठेवा' असा एक मोकळा रकाना ठेवा. समोरासमोरचं बोलणं तसंच राहील, कागद तेवढा बदलेल.

प्रतिसाद : सर्व्हररूम

आयटीच्या बाजूने थोडक्यात. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं. शिफ्टचं एक सामायिक लॉगिन दिलं तर नोंद कुणाची ते कधीच कळणार नाही. तळघरात आणि पॅनेल रूममध्ये नेटवर्क नसतं, तिथे ऑफलाइन चालून नंतर जुळतं का ते प्रत्यक्ष तिथे उभं राहून बघा. करारात लिहून घ्या की सगळी माहिती, फोटोंसकट, हवी तेव्हा साध्या स्वरूपात बाहेर काढता येईल. आणि पहिल्या वर्षी आपल्यासाठी खास बदल करून मागू नका. जे रकाने हवेतच असं आज वाटतं, त्यातले बरेच नंतर कुणी भरत नाही.

प्रतिसाद : गेजमास्तर

व्यवस्थापनाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा : पहिले काही महिने ब्रेकडाऊनचा आकडा वाढणार. बिघाड वाढलेले नसतात. पूर्वी जी पाच-दहा मिनिटांची थांबणी कुठेच लिहिली जात नव्हती, ती आता दिसायला लागते. हे आधी सांगितलं नाही तर कुणीतरी आलेख बघून भडकतो, लोक घाबरून लहान बिघाड लिहिणं बंद करतात, आणि सगळं मुसळ केरात.

पीएम पूर्ततेचा आकडा १०० टक्के आला तरी सावध व्हा. वेळा उघडून बघा. आठ मशीनचे पीएम एका माणसाने पाच मिनिटांत बंद केलेले दिसले तर बसून बोला, रागावू नका. बहुतेक वेळा प्रॉडक्शनने मशीनच दिलेली नसते. त्यासाठी 'मशीन मिळाली नाही' हे कारण रकान्यात हवं, आणि तो आकडा प्रॉडक्शनसोबतच्या बैठकीत मांडायचा. वेळेवर म्हणजे किती वेळेवर, याला आमच्याकडे मुदतीच्या दहा टक्के असा नियम आहे : महिन्याच्या पीएमला तीन दिवस इकडेतिकडे.

प्रतिसाद : वंगणबिंदू

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवड्याभरात यादीची फेरी सुरू करतोय, सोबत रात्रपाळीचे दोन फिटर घेतलेत. रोज सकाळी बंद वर्क ऑर्डर वाचायचं काम कुणाचं, हे नावानिशी ठरवून घेतलं. तूर्त माझंच.

एक शेवटचा प्रश्न राहतो. कंप्रेसर, लिफ्ट आणि चिलर यांची कामं बाहेरच्या ठेकेदाराकडे आहेत. त्यांचे लोक येतात, स्वतःच्या कागदावर सर्व्हिस रिपोर्ट लिहितात, सही घेतात आणि जातात. तो कागद फाईलमध्ये. हे सॉफ्टवेअरमध्ये कसं आणायचं?

प्रतिसाद : रुग्णालय_उपकरणे

आमची निम्मी उपकरणं अशीच आहेत, त्यामुळे हे जमवावंच लागलं. ठेकेदाराच्या भेटीचीही वर्क ऑर्डर आपणच काढायची आणि तिचा नंबर त्याच्या सर्व्हिस रिपोर्टवर लिहून घ्यायचा. रिपोर्टचा फोटो वर्क ऑर्डरला जोडायचा. पण लक्षण, कारण आणि उपाय हे तीन रकाने आपल्या माणसाने भरायचे, त्यांच्या इंजिनिअरला समोर उभं करून. त्यांच्या कागदावर 'चेक्ड अँड फाउंड ओके' एवढंच असतं, विचारलं की बरंच सांगतात. बदललेला भाग मागून घ्या आणि त्याचाही फोटो काढा.

आणि करारात एक ओळ घालून घ्या : बिलासोबत बंद झालेल्या वर्क ऑर्डरचा नंबर नसेल तर बिल पुढे जाणार नाही. हे हिशेब विभागाला आधी समजावून सांगा, त्यांच्याच टेबलावर ते अडणार आहे. आमच्याकडे पहिल्या बिलाला कुरकुर झाली. दुसऱ्या वेळेपासून त्यांचा माणूस गेटवरूनच फोन करून नंबर मागायला लागला.